चुलीत काय घालणार, ते सांगू नका

नाशिककराच्या हातात पैसा आला की तो आधी द्राक्षबाग घेतो, मग वायनरीची स्वप्नं बघतो आणि दोन्हीकडे हात पोळले की प्लॉटिंगमध्ये उतरतो. तुम्ही या तिन्हींना टांग मारून थेट वीजप्रकल्प काढायला निघालात, याबद्दल आधी अभिनंदन. आता लोक तुम्हाला घाबरवतील. परवानग्यांसाठी खेटे घालून चपला झिजतील म्हणतील. त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांनी आयुष्यात कधीतरी वडापावची गाडी लावलेली असते, म्हणून ते तसं बोलतात.

वडापावची गाडी खरोखरच अवघड. अन्न परवान्याची नोंदणी, महापालिकेची पावती, आणि एवढं करून संध्याकाळी अतिक्रमणवाल्यांचा ट्रक यायचा तो येतोच. वीजकेंद्राचं तसं नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ७ पाठ करून ठेवा. ग्रिडला जोडणी घेण्याचे तांत्रिक निकष पाळणार असाल तर वीजनिर्मिती केंद्र उभारायला आणि चालवायला परवानाच लागत नाही. (हा विनोद नाही. या लेखात जिथे जिथे तुम्हाला हसू येईल, तिथे बहुतेक एखादं कलम असेल.)

परवाना नसला तरी मंजुऱ्या आहेत. एक पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण मंडळाची संमती. पाण्यासाठी १९७४ चा कायदा, हवेसाठी १९८१ चा. हे सगळं कन्सल्टंट बघतो. तुम्ही फक्त आकडा नीट निवडायचा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे कोळशाचा प्रकल्प ५०० मेगावॉट किंवा त्याहून मोठा असला की फाइल दिल्लीला जाते, त्याखाली असला की राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईला. दिल्ली लांब, तिथली थंडी वाईट आणि मिसळ मिळत नाही. तेव्हा तुमचा प्रकल्प ४९९ मेगावॉटचा. चपलांच्या दुकानात ही किंमत तुम्ही पाहिलेली आहे, झिजण्याचा प्रश्नही तिथेच सुटला.

फार मोठी उडी नको असेल तर आणखी एक वाट आहे. याच अधिसूचनेच्या एका दुरुस्तीनं १५ मेगावॉटपर्यंतच्या जैवइंधन प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीतूनच सूट दिली आणि सोबतीला १५ टक्क्यांपर्यंत कोळसा वगैरे चालेल असंही म्हटलं. बोर्डावर उसाचं चिपाड, हिरवा रंग, एक पान. पाठीमागे थोडा कोळसा. पंधरा टक्के म्हणजे किती, हे काट्यावरचा माणूस सांगेल, आणि काट्यावरचा माणूस पगार तुमच्याकडून घेतो.

जागेचं बघू. एकलहऱ्याच्या बाजूला जाऊ नका. तिथे १९७० पासून औष्णिक केंद्र आहे, आज २१० मेगावॉटचे तीन संच मिळून ६३०, आणि तिथले लोक आता एका वेगळ्याच आजारानं बिघडलेले आहेत. ते प्रकल्प नको असं म्हणतच नाहीत! ६६० मेगावॉटचा नवा संच कधी देताय, म्हणून इतकी वर्षं तेच मागे लागलेत. ज्या गावात लोक स्वतःहून प्रकल्प मागतात, तिथे राखेबद्दल, कोळशाबद्दल सगळं त्यांना ठाऊक असतं. असा गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला हवाय?

शिवाय तिथे दहा किलोमीटरची भानगड आहे. गंधकाच्या धुराचं प्रमाण कमी करायचे नियम ७ डिसेंबर २०१५ ला आले, दोन वर्षांची मुदत देऊन. मग मुदत वाढली. मग परत वाढली. मग प्रकल्पांचे अ, ब, क असे वर्ग केले आणि तिन्ही वर्गांची मुदत वाढली. सरतेशेवटी ११ जुलै २०२५ ला क वर्गाला, म्हणजे देशातल्या बहुतेक प्रकल्पांना, धुराड्याची उंची पुरेशी असेल तर या गंधकाच्या भानगडीतून मोकळं केलं. आपल्याकडे बापानं लावलेला आंबा नातू खातो म्हणतात, इथे बापाला आलेली नोटीस नातवाला माफ होते. ब वर्गाचं एकेक प्रकरण पाहून ठरवायचं म्हटलं. उरला अ वर्ग. त्यात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतले प्रकल्प येतात, आणि २०११ च्या जनगणनेतच नाशिक चौदा लाखांच्या पुढे गेलेलं आहे. म्हणून तुम्ही अकरावा किलोमीटर निवडा. धूर दहाव्या दगडापाशी येतो, पाटी वाचतो आणि माघारी वळतो.

सिन्नर त्या दृष्टीनं छान. पण तिथे माळावर आधीच एक नमुना उभा आहे, तो एकदा लेकराबाळांसह पाहून या. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५०. मंजुऱ्या झाल्या, धुराडी झाली, संच झाले. वीज घ्यायला करार नव्हता आणि कोळसा आणायला रेल्वेमार्ग पुरा नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं बंद राहिला आणि शेवटी दिवाळखोरीच्या दारात गेला. इंधनाच्या बाबतीत इतका पारदर्शक प्रकल्प महाराष्ट्रात दुसरा नसेल. काय जाळता? काहीच नाही. तुम्ही इतकं खरं बोलायच्या थराला जाऊ नये, म्हणून उदाहरण दिलं.

आता अहवाल. पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारा आघात मूल्यांकन अहवाल इंग्रजीत शेकडो पानांचा असतो, तो कुणी वाचत नाही, त्याची चिंता सोडा. धोका त्याच्या मराठी सारांशात आहे, कारण तो स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. इथे काटकसर करू नका, चांगला महागडा भाषांतरकार लावा. ‘राख उडेल, पण कमी’ असं लिहिणारा नको. ‘प्रस्तावित प्रकल्पाच्या कार्यान्वयनामुळे परिवेशी वायू गुणवत्तेवर होणारा वर्धित आघात अनुज्ञेय मर्यादेअंतर्गत राहण्याचे अनुमानित आहे’ असं लिहिणारा हवा. हे वाक्य गावात मोठ्यानं वाचून दाखवा. लोक सवयीनं हात जोडतील. मराठीत लिहायचं, पण मराठी माणसाला कळू द्यायचं नाही, ही कला आपल्या जिल्ह्यात सातबाऱ्याच्या फेरफारापासून चालत आलेली आहे, तिला परकं समजू नका. पक्ष्यांच्या प्रकरणात मात्र जपून. नांदूरमधमेश्वर जवळच आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे हिवाळ्यात येणारे पक्षी लांबून येतात आणि सारांश न वाचताच येतात.

मग जनसुनावणी. मंजूर औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली आणि त्या वसाहतीनं स्वतःची पर्यावरण मंजुरी घेतलेली असली, तर ही पीडा टळते. नसेल टळत तर नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते, एका मोठ्या दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. कुठल्या पानावर ते लिहिलेलं नाही. निविदांच्या आणि ‘नाव बदलले आहे’च्या मधली जागा प्रसन्न असते. तारीख द्राक्षांच्या तोडणीत किंवा उन्हाळ कांदा निघताना पडली तर तो योगायोग समजावा. आणि घाबरू नका, कारण अधिसूचनेत स्वच्छ लिहिलंय की सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही. सोसायटीची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करावी लागते, गॅलरीच्या रंगासाठी. धुराड्यासाठी नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर अधिकारी, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, तुमचा लॅपटॉपवाला आणि व्हिडिओ शूटिंगवाला. जमले चार, झाली सुनावणी.

पण कुणीतरी येतंच. पर्यावरणवाले येतील, त्यांना बोलू द्या, ते पृथ्वीबद्दल बोलतात आणि पृथ्वी तुमच्या गट नंबरात येत नाही. तरुण येतील, त्यांना स्थानिकांना नोकऱ्या किती ते हवं असतं, त्यासाठी ‘प्राधान्य’ हा शब्द आहे. सरपंच सभामंडपाचं विचारतील. पत्रकार जेवणाचं. हे सगळे सोपे.

अवघड माणूस तिसऱ्या ओळीत बसलेला असतो. नऊवारी, हातात पिशवी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आजीनं पन्नास वर्षं चूल पेटवलेली आहे. बाभळीचं सरपण आणि एरंडाच्या काटक्या यांतला फरक तिला अंधारात, नुसत्या वासावरून कळतो. ती उठेल आणि माइक न घेता विचारेल, “भाऊ, चुलीत घालणार काय तुम्ही? वलं का वाळेल? न् राख कुठं टाकणार?”

खलास. अख्खी इंधनाची नियमावली तीन वाक्यांत. काय जाळणार, किती दर्जाचं, उरेल त्याचं काय. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं सरळ मराठीत दिलीत तर तुमचा प्रकल्प बारगळेलच असं नाही, पण पुढच्या गावालाही प्रश्न विचारायची चटक लागेल. तेव्हा उत्तरं अशी द्या.

काय जाळणार, याला ‘जी-अकरा’ म्हणा. आजी गप्प बसेल. खरं तर शब्द निर्मळ आहे. २०१२ पासून आपल्या कोळशाची प्रतवारी उष्मांकावर होते, जी-१ पासून जी-१७ पर्यंत, आणि जी-११ म्हणजे किलोमागे ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी. गंमत अशी की कोळशाचेही आपल्या पुढाऱ्यांसारखे तीन चेहरे असतात. बिलातला एक, रेकमधून, म्हणजे मालगाडीतून, उतरलेला एक आणि भट्टीत गेलेला एक. विदर्भात चढताना जो जी-११ होता तो उतरताना जी-१३ भरला तर आश्चर्य मानू नका. एवढ्या प्रवासानं माणूसही उतरतो. तुम्ही नेहमी पहिला चेहरा दाखवा, फोटो तिथलाच चांगला येतो.

वलं का वाळेल, याला उत्तर देण्याची वेळ कधीच टळून गेलेली आहे. २०१४ च्या जानेवारीत एक नियम आला होता. खाणीपासून ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा वापरायचा नाही. नागपूर-चंद्रपूरकडून नाशिकला येणारा कोळसा त्या अंतराच्या पलीकडचाच. एका रेकमध्ये साधारण चार हजार टन माल येतो. त्यात चाळीस टक्के राख असली तर सोळाशे टन राख आपण विदर्भातून भाडं भरून आणतो, मग ती इथे जाळल्यासारखी करतो आणि मग ती टाकायला जागा शोधतो. गोदावरीत अस्थी आणणारे निदान परत जाताना रिकाम्या हातानं जातात. तर तो नियम २१ मे २०२० ला काढून टाकला. टाळेबंदी होती, लोक भांडी वाजवून नुकतेच थकले होते. तेव्हा आजीला सांगा, तुमचं बरोबर आहे आजी, पण तो प्रश्न आता अभ्यासक्रमात नाही.

राख कुठं टाकणार? शंभर टक्के वापरणार म्हणून सांगा. नियमच तसा आहे, ३१ डिसेंबर २०२१ चा. विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव. वापर कागदावर शंभर टक्के होतो. वारा वैशाखात सुटतो आणि त्याच्याकडे नियमाची प्रत नसते.

सुनावणीनंतर मंजुरी आली की सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्या आणि दर १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अहवाल भरा. फाटकावर आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावा. एका कारखान्याच्या फाटकावरचा असा बोर्ड मी अडीच वर्षं येता-जाता पाहतोय. त्यावर तारीख बरोबर असते. बाकी रकान्यांत आडव्या रेघा असतात. आडवी रेघ मर्यादेच्या आत धरतात, असं वॉचमन म्हणाला. त्यानं मला चहा पाजला, त्यामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

कुणी माहिती अधिकारात कोळशाचे कागद मागितले तर कलम ८ मध्ये व्यापारी गोपनीयतेचं दार आहे, तिथून आत जा आणि कडी लावा. व्यापक जनहित असेल तर ते दार उघडावं लागतं, हे त्याच कलमात लिहिलंय, पण अर्जदाराला ते आठवायला अपिलाची तारीख लागते. रोजचा साठा मात्र लपवू नका, तो लपतही नाही. कुठल्या केंद्राकडे किती दिवसांचा कोळसा शिल्लक आहे, हे केंद्रीय वीज प्राधिकरण रोज जाहीर करतं. किती दिवसांचा, एवढंच. डब्यात पोळ्या किती ते सांगायचं, पीठ कसलं ते नाही.

आता इथे मला चिवड्याचा मत्सर वाटतो. आपल्या कांद्याच्या चिवड्याच्या पाकिटामागे घटक लिहावे लागतात, वजनाच्या उतरत्या क्रमानं. पोहे, तेल, शेंगदाणे, कांदा, मीठ. दहा रुपयांच्या पाकिटाला एवढी शरम आहे. वीजकेंद्राला अगदीच नाही असं नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१४ च्या दरनियमांत आपल्या अखत्यारीतल्या केंद्रांना सांगितलं की देशी कोळसा किती, आयात किती, लिलावातला किती, त्यांचं मिश्रण काय, उष्मांक आणि किंमत काय, हे सगळं वेबसाइटवर दर महिन्याला टाका आणि तीन महिने ठेवा. तीन महिने! लोणच्याची बरणी जास्त टिकते. असं बंधन तुमच्यावर आलंच तर मुळीच मोडू नका. मुकाट टाका, पीडीएफ आडवी स्कॅन करा आणि नव्वद दिवस मोजा.

कारण बिल त्यानंतर येतं. आजीच्या घरी महावितरणचं बिल नातू वाचतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, मग एक ओळ, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क.

“इंधन म्हंजी?” आजी विचारते.

“सरपण, आजी.”

“कसलं?”

नातू मोबाइल काढतो. पान सापडत नाही.