जुन्या बाजाराचा कायापालट करताना घ्यावयाची काळजी

अभिनंदन! शहराच्या जुन्या बाजारपेठेचा कायापालट करायची फाइल अखेर तुमच्या टेबलावर आली. आता चार शहाणे येऊन "साहेब, डिझाइन तेवढं चांगलं करा" म्हणतील. घाबरू नका. डिझाइनपासून बचावाची सोय महापालिकेच्या कारभारात पूर्वीपासून आहे, फक्त क्रम चुकवू नये.

आधी एक पथ्य पाळा. आपल्याला काय हवंय ते कागदावर येऊ देऊ नका. हमाल दुपारी कुठे टेकतात, भाजीवाल्या बायकांना मुतारी कुठे हवी, अडतीवरचा टेम्पो किती वाजता रिकामा होतो, असलं काही लिहून ठेवलं की पुढे त्यावरून जाब विचारता येतो. "जागतिक दर्जाचा, हेरिटेज लूक असलेला बाजार" एवढं पुरे. हेरिटेज सांभाळायला चुना मळणारा गवंडी शोधावा लागतो, लूकला पीओपी चालतं.

मग वास्तुविशारद नेमा. त्याची आधीची कामं बघत उन्हातान्हात कशाला हिंडायचं? लिफाफे उघडा, सगळ्यात कमी फीवाला घ्या. कोणी सांगेल की गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊन सल्लागार निवडता येतो, आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये गुणवत्ताप्रधान ठरवलेल्या बांधकामांच्या निविदांतही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. त्याला एवढंच विचारा, "ऑडिटमध्ये आक्षेपाचा पॅरा लागला तर उत्तर तुम्ही देणार का?" तो चहासुद्धा न घेता उठतो.

एवढ्या फीत वास्तुविशारदाला साइटवर येणं परवडत नाही, म्हणून तो थ्रीडी चित्र पाठवतो. त्यात मराठवाड्यातल्या मे महिन्यात, भर दुपारी, ग्रॅनाइटच्या उघड्या बाकावर एक बाई हसत आइस्क्रीम खाते. हातगाडी एकही नाही. हे चित्र लगेच फ्लेक्सवर छापा.

बैठकीत कोणी लातूरच्या गंजगोलाईचं नाव काढलं तर सावध व्हा. १९१७ सालची ती रचना: मधे जगदंबेचं देऊळ, भोवती गोल इमारत, तिथून फुटलेले १६ रस्ते, आणि सोनं, मिरची, गूळ, चपला असा रस्त्यागणिक वेगळा व्यापार. कोणीतरी बाजार कसा चालतो हे आधी पाहिलं आणि मग नकाशा काढला, हीच मोठी पंचाईत. "तेव्हा निजामाचं राज्य होतं, ई-निविदा नव्हत्या" म्हणा आणि पुढचा विषय घ्या.

खरी कसोटी अंदाजपत्रकाची. नकाशात काळ्या दगडाची फरशी असेल आणि नेमकी तशी बाब दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, नसेल, तर दराचं पृथक्करण करून, म्हणजे माल-मजुरीचा हिशेब मांडून, त्यावर सही करावी लागते. कोण करणार? पेव्हर ब्लॉक दरसूचीत आहे. पेव्हर ब्लॉक टाका. त्यात ठेकेदार निविदा पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, भरतो. ते पंचवीस टक्के तो घरून थोडेच आणणार? डिझाइनमधूनच काढतो. फरशीखालचा उतार कोणाला दिसत नाही, म्हणून आधी तो जातो. मग ओट्यांवरचं छप्पर तीन फूट आखडतं. नकाशे दिले की वास्तुविशारदाचं काम संपलं, असं करारात लिहून ठेवलेलं असलं म्हणजे हे विचारायला कोणी उरत नाही. बाकीचे निर्णय कनिष्ठ अभियंता फोनवर देतो.

वाटेत जुनी वेस किंवा दरवाजा लागला तर सिमेंटचा गिलावा थापून वर ऑइलपेंट मारा. चुन्याच्या बांधकामातली ओल आत कोंडते आणि दोनतीन पावसाळ्यांत पोपडे धरतात, म्हणजे दुरुस्तीचं नवं काम तयार.

राहता राहिले पाणीपुरवठा आणि केबलवाले. त्यांना कुठल्याच बैठकीला बोलावू नका, उद्घाटन झालं की ते आपणहून येतात. त्यांनी एकदा खोदलं की दोष-दायित्वाच्या मुदतीतला, म्हणजे बिघाड फुकट दुरुस्त करायला बांधलेला, ठेकेदारही पत्र लिहून हात वर करतो: "माझं काम दुसऱ्यानं फोडलं, साहेब." हे पत्र मात्र तुमच्या जागी आलेल्या साहेबांच्या टेबलावर जाईल.