जुनी जर्मन सेडान घ्याच, आणि घरीच रिपेअर करा

तुम्ही दहा-पंधरा वर्षं जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान घ्यायचा विचार करताय ना, मग उगाच दहा जणांना विचारत बसू नका, सरळ घ्या. लोक काय, नाट लावायला टपलेलेच असतात. नवी असताना ३५ लाखांना विकली गेलेली गाडी साडेचार लाखांत मिळतेय म्हणजे ३० लाख तर तुम्ही टोकन देतानाच वाचवले, आणि पुढचे रिपेअरिंग घरी करून वाचवायचे, एवढं साधं गणित आहे. मी माझ्या २०१० च्या गाडीवर सहा वर्षं हेच गणित करतोय. (कंपनीचं नाव लिहीत नाही. बॉनेटवरचा बिल्ला पहिल्याच महिन्यात कोथरूडमध्ये भर रस्त्यावरून कोणीतरी उचकटून नेला, त्यामुळे गाडी कोणाची हे आता मलाही शपथेवर सांगता येणार नाही.) माझं ऐकून आतापर्यंत चार जणांनी सेम मॉडेल घेतलं, यावरून काय ते समजा.

तर पहिल्यांदा एक वही घालायची. डाव्या बाजूला सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा, उजव्या बाजूला आपला खर्च, आणि वजाबाकी म्हणजे बचत. वॉटर पंप गेला तेव्हा मला १,१०,००० सांगितले, मी पार्ट मागवून ४२,००० मध्ये बसवला, बचत ६८,०००. फक्त काही नियम पाळायचे. हत्यारं खर्चात धरायची नाहीत, ती इस्टेट आहे, मुलांना राहील. काढताना जे तुटतं ते 'शिक्षण' या खात्यात टाकायचं. आणि गाडी पाच आठवडे घोड्यांवर (म्हणजे गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) उभी होती तेव्हाचं रिक्षाभाडं घरखर्चात, कारण गाडी नसती तरी रिक्षा लागलीच असती की. असा हिशोब ठेवला की एक गंमत लक्षात येते, गाडी जितकी जास्त बिघडेल तितकी बचत जास्त. गेल्या वर्षी मधे सात महिने काहीच झालं नाही, पार तोट्यात गेलं वर्ष.

हत्यारांचं म्हणाल तर घरातला पाने-पक्कड-पेचकस विसरा. जर्मन माणसाला षटकोनी नट आवडत नाही, त्याला चांदणीच्या आकाराचं डोकं लागतं, कधी चांदणी आत खोदलेली, कधी बाहेर आलेली, आणि एखाद्या ठिकाणी बारा टोकांची, ती नेमकी अशा जागी की तिथे फक्त आठ वर्षांच्या मुलाचा हात जाईल. (जातो. पण त्याच्या आईला कळता कामा नये.) त्यामुळे २१६ पीसचा सेट घ्यायचा, त्यातले २१५ पीस तुम्हाला कायम सापडतील आणि १० ची गोटी (नटावर बसवायची पान्याची टोपी) सापडणार नाही, ती इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पडून असते, गाडी वळली की खुळखुळा वाजल्यासारखी वाजते आणि आपण सस्पेन्शनचा आवाज समजून दोन्ही लोअर आर्म बदलून टाकतो.

तसं बघायला गेलं तर ही परंपराच आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार आणि दोन मुलं घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनने साफ केली, वायर उघडी पडली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्याला चामडं ठोकून घेतलं, आणि पोचली. एक पिन, एक पट्टा. माझ्याकडे गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर, बॉनेटला अडकवायचा एलईडी, जर्मनीहून आलेला, बोल्ट किती जोराने (टॉर्कने) पिळला ते मोजणारा टॉर्क पाना, आणि मी परवा डेक्कनपर्यंत पोचलो नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. वॉटर पंपच बघा. तुमच्या आमच्या साध्या गाडीत तो पट्ट्यावर फिरतो, खराब व्हायच्या आधी गळतो, किंचाळतो, माणसासारखं वागतो. माझ्या गाडीत तो इलेक्ट्रिक आहे, पुढच्या बाजूला तळाशी लपवलेला, आणि तो जातो तेव्हा काही न बोलता जातो, टेम्परेचरचं लाल चिन्ह येतं तेव्हा तुम्ही चांदणी चौकाच्या चढावर असता. त्याचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे, कारण इंजिनचा ब्लॉक मॅग्नेशियमचा आणि त्याला स्टील लागलं की ते गंजतं, म्हणून ते बोल्ट एकदाच वापरायचे, अमुक इतका टॉर्क द्यायचा आणि वर आणखी ९० अंश फिरवायचं. हे ९० अंश म्हणजे श्रद्धेचा भाग आहे. ८० पर्यंत सगळं छान घट्ट लागतं, ८५ ला कपाळावर घाम येतो, आणि मग एकदम पाना हलका होतो. तो हलकेपणा ज्याच्या मनगटाला कळला त्याला त्या क्षणी एवढंच म्हणावंसं वाटतं की देवा, ब्लॉकमधले आटे नकोत, बोल्ट गेला असू दे. लगेच वही काढायची, शिक्षण, ६,०००.

प्लॅस्टिकबद्दल आधीच सांगून ठेवतो. पंधरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा इराण्याकडच्या खारीसारख्या होतात, बोट लावलं की पापुद्रे. त्यामुळे एक पार्ट बदलायचा असेल तर तिथे पोचेपर्यंत वाटेतले तीन तुटतात, त्यातला एक भारतात मिळत नाही. युट्यूबवरचा माणूस मात्र ती क्लिप अंगठ्याने दाबून काढतो आणि हसतो. तो हसतो कारण त्याचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, व्हिडिओत उजव्या बाजूला जी हात घालायला ऐसपैस जागा दिसते तिथूनच आपल्याकडे स्टिअरिंगचा रॉड जातो. हे कळायला मला एक अख्खा रविवार आणि डाव्या हाताची तीन बोटं लागली.

स्कॅनर जरूर घ्या. स्कॅनर तुम्हाला काय बिघडलंय ते सांगत नाही, गाडीचं मत सांगतो. माझ्याकडे पी०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. याला सेन्सर, पेट्रोल पंप, फाटका पाइप असं काहीही कारण असू शकतं, म्हणून रीतसर सर्वात महाग सेन्सर आधी बदलला. कोड परत आला. मग कुठेतरी वाचलं की धूर सोडून गळती शोधतात, धुराचं मशीन कुठून आणायचं, देवघरातल्या पाच उदबत्त्या आणल्या. (पेट्रोलचा वास येत असेल तर काडी ओढू नका, एवढा एकच सल्ला मी मनापासून देतोय.) सकाळी सातला बॉनेट उघडं, इंजिन गुरगुरतंय, आरपीएम वरखाली, आणि मी उदबत्त्या घेऊन प्रत्येक होज पाइपवरून हळूहळू ओवाळतोय. शेजारच्या काकू दूध घेऊन येत होत्या, थांबल्या, पिशवी खाली ठेवून गाडीला नमस्कार केला आणि विचारलं, "आज काय विशेष?" तेवढ्यात थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडच्या रबरी कोपराजवळ धुराची रेघ सरळ वर जायची ती वाकली आणि सुतासारखी आत ओढली गेली. कोपराच्या खालच्या घडीत बोटभर चीर. नवीन रबर ३,२००. बदललेला सेन्सर १४,५००, तो जुनाही चांगलाच होता, म्हणजे आता माझ्याकडे दोन आहेत, इस्टेटीत धरले. काकू हल्ली चतुर्थीला बॉनेटवर फूल ठेवतात.

नवीन बॅटरी बसवलीत तर ती बसवली हे गाडीला सांगावं लागतं, हे लक्षात ठेवा. स्कॅनरवरून रीतसर कळवायचं की जुन्या बाई गेल्या, नवीन आल्या, नाहीतर गाडी नवीन बॅटरीला म्हातारीसारखीच वागवते आणि बिचारीला लवकर म्हातारी करते. ऑइल बघायची काडी नाही, स्क्रीनला विचारायचं, स्क्रीन म्हणते इंजिन गरम करा आणि सपाट जागी उभे राहा, आता पुण्यात सपाट जागा कुठे आणायची. स्टेपनी नाही. सासरे दर वेळी डिकीचं कार्पेट उचलून बघतात, ठेवतात, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मुलगी देतानाच हे विचारायला हवं होतं.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल कंपनीने सांगितलेलं असतं की हे लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही. हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ, जी १९१५ मध्ये झेपेलिनच्या वायुनौकांचे गिअर करायला फ्रीडरिशहाफेनला सुरू झाली, ती मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. तुम्ही कंपनीचंच ऐका. लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ हे विचारणं असंस्कृतपणाचं आहे, आणि शिवाय गिअरबॉक्स गेला तर डाव्या रकान्यात केवढा मोठा आकडा येईल विचार करा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. बव्हेरियातल्या इंजिनिअरने ज्या रबराच्या सील ऑटोबानसाठी (त्यांच्या एक्सप्रेसवेसाठी) बनवल्या त्यांना आपण कोल्हापूरचा ऊस पाजतोय, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, पण शेतकऱ्याचं भलं होतं, तर तेवढं मनाला लावून घेऊ नका. स्पीडोमीटर २६० पर्यंत आहे. एक्सप्रेसवेला लिमिट १००, घाटात त्याहून कमी, आणि वर कॅमेरे. सिंहगड रोडला २६ लागला तरी काटा हलतो, तेवढ्यात समाधान मानायचं, उरलेले आकडे बचत समजायचे.

मिस्त्रीकडे शक्यतो जाऊ नका. मी एकदाच नाक्यावरच्या आमच्या मिस्त्रीला बोलावलं, अल्टो असो नाहीतर टेम्पो, माणूस आवाजावरून सांगतो काय झालंय. त्याने बॉनेट उघडलं, आतलं काळं प्लॅस्टिकचं मोठं झाकण बघितलं, त्यावरून फडकं फिरवलं, बॉनेट बंद केलं. म्हणाला, "साहेब, झाकण छान आहे." पैसे घेतले नाहीत. आमचा वॉचमन जास्त उपयोगी आहे, त्याला यंत्रातलं काही कळत नाही, पण मी किल्ली फिरवली की तो लांबूनच बाह्या सरसावत विचारतो, "ढकलू का?" त्याला कितीदा सांगितलं की ही ऑटोमॅटिक आहे, ढकलून चालू होत नाही. तो म्हणतो चालू नको होऊ दे साहेब, बाजूला तर होईल.

पार्टसाठी चासी नंबरमधली शेवटची सात अक्षरं-आकडे पाठ करा, मुलाची जन्मतारीख एक वेळ विसरलात तरी चालेल. नाना पेठेत विचारलं तर "मागवून देतो" म्हणतात, दिल्लीला काश्मिरी गेटला फोन केला तर फोटो पाठवतात, त्या फोटोत पार्ट वेगळ्याच गाडीचा असतो पण किंमत बरोबर असते. कुर्ल्याला भंगारात एखाद्या दिवशी नशीब उघडतं. पण खरं सांगू का, नव्या पार्टचं काही खरं नाही. माझ्या डाव्या हेडलाइटचा कान तुटलाय, पावसाळ्यात आत इतकं पाणी साठतं की गप्पी मासे सोडावेत, आणि नवीन हेडलाइटला लाखाच्या वर सांगतात. हा आकडा मी वहीत डावीकडे लिहून ठेवलाय, उजवी बाजू दोन वर्षं रिकामी आहे.

म्हणून सांगतो, फार विचार करू नका. २००९ ते २०११ मधलीच बघा, माझ्यासारखीच, रंग चंदेरी असेल तर उत्तमच. घ्या, वही घाला, घोड्या आणा, मी येतो पहिल्या रविवारी मदतीला. आणि सहा-आठ महिन्यांनी घरचे फारच बोलायला लागले, आपल्याच्याने हे होणार नाही असं वाटलं, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला एक फोन करा. मला फक्त डावा हेडलाइट हवाय. उजवा मागच्या वर्षी मिळाला, त्या गृहस्थांनीही माझं ऐकूनच घेतली होती.