वानराची खिचडी काही शिजत नाही

शेतातलं चुलवण, त्यावर भगुलं. वानर कांदा चिरतंय, कुत्रं काटक्या आणून देतंय, खारूताई तांदूळ निवडतेय आणि कावळा चोचीतून मीठ टाकतोय. व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. खाली मजकूर असा: ‘बीड जिल्ह्यातल्या शिवारातला खरा प्रसंग. माकडं स्वयंपाक करतात हे शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय. मुंग्या धन्याचे चार तुकडे करून ठेवतात, कारण दोन केले तर ते उगवतात. प्राण्यांत ना वैर, ना स्वार्थ. मिळून रांधतात, वाटून खातात. माणसा, शिक काहीतरी!’ शेवटी जोडलेले हात. भावकीच्या ग्रुपवर हे इतक्यांदा येऊन पडलंय की आता एकदाचं उत्तर लिहून टाकतो.

आधी ‘खरा प्रसंग’. गावाचं नाव नाही, तारीख नाही. आपल्याकडचं वानर काळ्या तोंडाचं असतं आणि त्याचा अंगठा आखूड असतो. फांद्यांवरून झेपा घ्यायला त्याची अडचण होत नाही, पण सुरी धरायला तो कामाचा नाही. व्हिडिओतलं वानर लांबलचक अंगठा पात्याला टेकवून कांदा कापतं. मधेच त्याचं तोंड लालसर होतं, म्हणजे वानराचं माकड झालं! भगुल्याला आधी दोन कान दिसतात, मग एकच. जाळ भडकलेला, पण काटक्या जळतच नाहीत. हे एआयनं रचलेलं चित्र आहे, आणि तेही घाईत रचलेलं. शिवाय वानराला खिचडीचं काय अडलंय? त्याच्या जठराला कप्पे असतात, त्यांत जिवाणू पाला आंबवतात आणि मग तो पचतो. त्याची चूल पोटातच आहे.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ यात मात्र थोडा खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच माणसं फसतात. अमेरिकेत कांझी नावाचा बोनोबो, म्हणजे चिंपांझीचा जवळचा भाऊबंद, होता. तो १९८० साली जन्मला, २०२५ मध्ये गेला. तो काटक्या गोळा करायचा, काडेपेटीनं जाळ करायचा आणि त्यावर खाऊ भाजायचा. पण तो माणसांत वाढलेला होता आणि काडेपेटी माणसांनी दिलेली होती. २०१५ साली काँगोमधल्या चिंपांझींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कच्च्यापेक्षा शिजलेलं रताळं मिळावं म्हणून ते थांबायला तयार होते, काहींनी तर कच्चा तुकडा न खाता ‘शिजवण्याच्या’ भांड्यात टाकला. त्या भांड्यात विस्तव नव्हता. शिजलेला तुकडा आधीच तळाशी लपवलेला होता. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या लहान माकडीणीनं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. तिचं पाहून हळूहळू बाकीची माकडंही धुऊ लागली, पण आपापलं रताळं. सगळ्यांसाठी घमेलंभर धुऊन ठेवायला कुणी बसलं नाही.

‘वैर नाही’ हे बीड जिल्ह्याच्या नावानं सांगावं, याला काय म्हणावं! माजलगाव तालुक्यातलं लवूळ विसरलात का? डिसेंबर २०२१ मध्ये तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली तेव्हा गावानं सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा ‘वानरांचा सूड’ म्हणून मेसेज फिरले, जगभर बातम्या झाल्या. सूड हा अर्थ माणसांनी लावलेला, आणि आजची दोस्तीही माणसांनीच लावलेली. वानर तेच, त्याला कथा मात्र आपण हवी ती चिकटवतो.

धन्याचं आता. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून तर आपण धने हलके रगडून, फाडी करून पेरतो. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या भागात हे कुणाला शिकवायला नको. दोन फाडी उगवतात इतकं खरं. मुंग्या चार करतात हे कुणी, कुठं, कोणत्या वारुळात पाहिलं, ते मेसेजमध्ये नाही. खरी गोष्ट याहून मजेची आहे. १८२९ साली पुण्यात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहिलं, की पावसानं भिजलेलं गवताचं बी मुंग्यांनी बिळातून बाहेर काढून उन्हात वाळत घातलंय. बी ओलं राहिलं तर मोड येणार, बुरशी धरणार. उपाय सुरीचा नाही, उन्हाचा. आपली बाई धान्याला ऊन दाखवते, तेच. बांधावर मुंग्यांच्या बिळाभोवती टरफलांचं कडं दिसतं ना? दाणा आत, भुसा बाहेर, हे काम तिथं रोज चालतं. व्हिडिओ कुणी काढत नाही, एवढंच.

मिळून रांधणं बघायचंच असेल तर वाळवी आणि मधमाश्या बघा. आपल्याकडची वारुळं करणारी वाळवी आत बुरशीची शेती करते. चावलेलं लाकूड-पाला पोटातून काढून त्याचा पोळ्यासारखा थर रचायचा, बुरशी ते मऊ करते, मग कामकरी ते खातात. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात त्या याच बुरशीच्या. मधाचं काम तर आणखी हातोहात. बाहेरून आलेली माशी फुलांचा रस घरातल्या माशीच्या तोंडात देते, ती दुसरीला. रसात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. माशा त्याचा थेंब जिभेवर बाहेर काढून सुकवतात, त्यात पाचक रस मिसळतात, कोठडीत भरतात आणि पंखांनी वारा घालत बसतात. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की वर मेणाचं झाकण. विस्तवाशिवाय केलेला हा स्वयंपाक वर्षभर टिकतो.

‘वाटून खातात, स्वार्थ नाही’ हे मात्र इथंही बसत नाही. फुलोरा संपला की एका पोळ्यातल्या माशा दुसऱ्या अशक्त पोळ्यातला मध लुटतात, दाराशी मारामारी होऊन मेलेल्या माशांचा खच पडतो. आणि टंचाई आली की आपल्याच घरातले नर उपाशी ठेवून बाहेर हाकलतात.