प्रतिक्रियेला उत्तर: दिवस लांबला म्हणून पाऊस आटला नाही

नमस्कार,

एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, दिवस किंचित लांबतो, असं मी लिहिलं त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. नुसत्या वाऱ्याने एवढी पृथ्वी मंदावते हे पटत नाही, हा एक. आणि सोलापूरचा दुष्काळ पृथ्वीच्या फिरण्याशी जोडणं म्हणजे पंचांगातून पाऊस सांगणं, हा दुसरा.

वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि दोघांचा मिळून कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, जवळपास कायम असतो. एल निनोत प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे क्षीण होतात, उंचावरचे पश्चिमेकडून येणारे, म्हणजे पश्चिमी, वारे जोर धरतात. पश्चिमी वारे वाहतात पृथ्वी फिरते त्याच दिशेने. हवेने संवेग कमावला की तेवढाच जमीन गमावते, म्हणून पृथ्वी किंचित मंदावते आणि दिवस लांबतो. डोंगररांगांवरचा दाब आणि पृष्ठभागावरचं घर्षण यांतून ही देवाणघेवाण चालते. 1983 च्या जानेवारीअखेर दिवस सुमारे एक मिलिसेकंदाने (सेकंदाच्या हजाराव्या भागाने) लांबला होता, जानेवारी 2016 मध्ये सुमारे 0.8 मिलिसेकंदाने. ही मोजण्यातली चूक असेल असं तुम्ही म्हणता. पण क्वेसारांचा, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचा, वेध घेणाऱ्या रेडिओ दुर्बिणी याहून कितीतरी बारीक फरक टिपतात. शिवाय हवामानाच्या नोंदींवरून वाऱ्यांचा संवेग वेगळा काढला, तर त्याचे काही महिन्यांचे चढउतार दिवसाच्या लांबीशी फार छान जुळतात. माझा विश्वास बसला तो या जुळणीमुळे.

दुष्काळाबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण दिवस लांबल्याने पाऊस गेला असं मी म्हणत नाही. 2015 चे जून ते सप्टेंबर आपल्याकडे कोरडे गेले. दिवस सर्वांत लांबला तो त्यानंतरच्या जानेवारीत. मग तो दुष्काळाचं कारण कसा ठरेल? दोन्हींमागे प्रशांत महासागराचं तापणं आहे. तेही दरवेळी आपला पाऊस नेतंच असं नाही. 1997 चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, दिवस तेव्हाही लांबला, पण देशाचा मान्सून सरासरीइतका झाला. 2023 च्या एल निनोत मात्र उजनी धरण भरलं नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली, होतं.

शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं, असं विचारलंत. पेरणीसाठी काहीच नाही. तिथे हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघावी. पाण्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मनावर घ्यावी. 1993 ते 2010 या काळात जगाने उपसलेल्या सुमारे 2150 अब्ज टन भूजलामुळे पृथ्वीचा अक्ष जवळपास 80 सेंटिमीटर सरकला, असा 2023 मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे, आणि त्यात वायव्य भारतातल्या उपशाचा वाटा ठळक आहे. पुढचा लेख त्यावरच लिहितोय. तुमच्या शिवारात बोअरला पाणी किती फुटांवर लागतंय, ते जरूर कळवा.