म्युनिक सोडताना काय आठवेल, काय आठवणार नाही

म्युनिकहून कायमचं पुण्याला परतणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावंसं वाटतं: आठवण येईल ती उंबऱ्याबाहेरच्या शहराची. घरातल्या कटकटींतून मात्र सुटल्यासारखं वाटेल.

सुरुवात पाण्यापासून करू. म्युनिकच्या नळाचं पाणी बिनधास्त प्यावं इतकं चांगलं, पण जड. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्या चहालाच फरक कळतो. वर तपकिरी तवंग धरतो, कपाच्या कडेला चिकटतो, आणि चहाला हवा तसा रंग चढत नाही. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. टँकर-बोअरवर दिवस काढणाऱ्या आपल्या सोसायट्यांना तो ओळखीचा आहे. तो काढायला अर्धा लिटर गार पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवायचं. उकळायचं अजिबात नाही. गरम केलं की त्याचं कॅल्शियम सायट्रेट होऊन बसतं आणि ते घासूनही लवकर निघत नाही. घर सोडायच्या आधी किटली, नळाच्या जाळ्या, शॉवर सगळं असंच साफ करा.

हिवाळ्यात खिडकी दिवसभर नुसती तिरकी उघडी ठेवली, तर आजूबाजूची भिंत गार पडते, स्वयंपाकाची वाफ तिथे धरते आणि काळी बुरशी येते. घर परत देताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाऊ शकतात, आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, उणे पाच तापमान असलं तरी. हे पुण्यात कुणाला आठवेल असं वाटत नाही.

कागदपत्रांचं मात्र नीट लिहून ठेवा. घर सोडायची नोटीस साधारण तीन महिन्यांची, कागदावर, सही करून. ईमेल चालत नाही. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. विमानाचं तिकीट काढून मग नोटीस देणाऱ्यांना रिकाम्या घराचं भाडं भरावं लागतं. पत्ता रद्द करण्याची नोंद, म्हणजे आबमेल्डुंग, घर सोडायच्या फार तर आठवडाभर आधी करता येते आणि सोडल्यानंतर दोन आठवड्यांत करावीच लागते. तो दाखला सांभाळा. रेडिओ-टीव्हीची दरमहा १८.३६ युरोची वर्गणी बंद करायला तोच कामी येतो.

रात्री आठनंतर आणि रविवारी बंद असणारी दुकानं, डिसेंबरात साडेचारच्या आत पडणारा अंधार, यांची आठवण येणार नाही हे वेगळं सांगायला नको.

गाड्या वेळेवर असतात म्हणून त्या आठवतील असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धीच सहमत आहे. एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, बहुतेक मार्गांच्या गाड्या शहराच्या मधोमध एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक अडली की मागच्या सगळ्या अडतात. खरी आठवण येईल ती स्टेशनपर्यंत चालत जाण्याची. चौकात पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरवलेला असतो, त्यामुळे बाबागाडी उचलावी लागत नाही. बस थांब्याला लागली की दाराच्या बाजूला झुकते, आणि आजीबाई काठी टेकत एकट्या चढतात. आपल्याकडे ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी लक्ष्मी रस्ता मोकळा होतो, तेव्हा लोक किती आनंदाने चालतात बघा. पुणेकरांना चालायला आवडतं, जागा हवी.

सगळ्यात जास्त चुटपुट लावेल ती ईझार नदी. २००० ते २०११ या काळात तिचा शहरातला आठ किलोमीटरचा पट्टा नव्याने घडवला गेला. बांधीव काठ काढले, पात्र रुंद केलं, गोट्यांचे उतरते किनारे केले. पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळाली आणि माणसांना नदीपाशी बसायला. पण नुसता काठ बदलून पाण्यात उतरता येत नाही. वरच्या अंगाच्या गावांतल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत, शेवटच्या टप्प्यावर, उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारतात. पाणी शहरात येण्याआधीच हे काम झालेलं असतं. मुठेबद्दल आपण भिंत, रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, एवढंच बोलतो. नाल्यांचं पाणी नदीला मिळण्याआधी शुद्ध करणं हे पहिलं काम आहे, सुशोभीकरण नंतरचं. ईझार पाहून आलेल्या प्रत्येकाने हे आपल्या नगरसेवकाला जाऊन सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निघायच्या आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा. यू-३ या मेट्रोने थालकिर्शेनला उतरून ईझारकाठच्या फ्लाउखरच्या गोट्यांवर जा. पाणी जुलैतही गार असतं. सँडल पायातच राहू द्या, गोट्यांत फुटक्या काचा असतात. आणि रिकाम्या बाटल्या कचरापेटीत टाकू नका, पेटीशेजारी उभ्या ठेवा. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट आणि कॅनचे २५ सेंट दुकानात परत मिळतात, आणि त्या बाटल्या गोळा करणारी म्हातारी माणसं तिथे फिरत असतात.