बुद्धिबळाच्या घड्याळाची झेंडी पडली ती पडली, पण त्याआधी काय झालं?

"पोट्टं जिंकलं होतं भाऊ! हत्ती होता, प्यादं होतं. समोरच्याकडे काय, तर एक घोडा. अन् पहिला नंबर त्याले?"

हिंगणघाट रोडवरच्या आमच्या गावातला पानठेल्यापुढचा कट्टा सोमवारी संध्याकाळी असा तापला होता. आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांची स्पर्धा झाली. फायनलला आपल्या गावचं नववीतलं पोरगं. घड्याळं जुनी, सुईची; खेळाडूची वेळ संपली की त्यावरची छोटी झेंडी पडते. त्याची झेंडी पडली तेव्हा खेळणाऱ्या दोघांनाही ते कळलं नाही आणि पंच तिसऱ्या नंबरच्या डावापाशी होते. गर्दीतून समोरच्या मुलाचा काका ओरडला, "टाइम गेला, टाइम!" पंच आले, घड्याळ पाहिलं आणि आपलं पोरगं हरलं.

"बाहेरचा मानूस बोलला म्हनजे निकालच रद्द," ठेलेवाले भाऊ म्हणाले.

"अन् नुसत्या घोड्यानं मात होते काय? कमीत कमी बरोबरी तं द्या," कृषी केंद्रवाला म्हणाला.

गुरुजींनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात वेळ संपली की डाव गेला. समोरच्याकडे कुठल्याच कायदेशीर चालींनी मात होण्याची शक्यता उरली नसेल, तरच बरोबरी. मग त्यांनी बाकावर माचिसच्या काड्या आणि सुपाऱ्या मांडून दाखवलं: राजा कोपऱ्यात, त्याचाच हत्ती त्याच्या शेजारी, समोरचा राजा उरलेली घरं अडवतो आणि घोडा शह देतो. झाली मात. कोणी अशी खेळणार नाही, पण होऊ शकते आणि नियम तेवढंच विचारतो. 2008 मध्ये रशियातल्या नालचिकला महिलांच्या जागतिक स्पर्धेत हेच झालं. मोनिका सोचको आणि सबिना फोइशोर, दोघींकडे राजा आणि घोडा, फोइशोरची वेळ संपली. आधी बरोबरी दिली, अपिलात सोचको जिंकली.

"मंग काका ओरडला त्याचं काय?"

इथे मी बोललो. प्रेक्षकाने डावाबद्दल बोलायचंच नसतं आणि बोलला तर पंच त्याला बाहेर काढू शकतात. काढायलाच हवं होतं. पण त्याच्या ओरडण्यानं झेंडी पडली नाही, ती आधीच पडलेली होती. पंच तिथे असते तर त्यांनीच सांगितलं असतं. निकाल बरोबर आहे. गावच्या पोराविरुद्ध हे म्हणताना मला बरं वाटत नव्हतं, तरी मी ते म्हटलं.

आणि मग जे कोणी काढत नव्हतं तेही काढलं. झेंडी पडायच्या कितीतरी आधी त्या पोराच्या मागे कोण उभं होतं? आपलेच लोक. "हत्ती वर घे बे", "प्यादं ढकल ना". मी तिथेच होतो. पोरगं प्रत्येक चालीआधी मान वळवून मागे पाहत होतं. कोणाचं ऐकावं, कोणाचं नाही, यातच त्याचे मिनिटामागून मिनिट गेले. ज्या घड्याळावर आपण आज चिडतोय, ते आपणच रिकामं केलं. आणि ती फुसफुस समोरच्या मुलावर सरळ अन्याय होती. तो बिचारा एकटा खेळत होता.

कृषी केंद्रवाला उठून उभा राहिला. "म्हनजे आमी हरवलं त्याले?"

"हाव," गुरुजी म्हणाले.

बराच वेळ शब्दाला शब्द लागत राहिला. भाऊंचं म्हणणं, खेळ डोक्याचा आहे, मग सेकंदावर निकाल कशाला? यात तथ्य आहे. 2008 लाच अमेरिकेच्या महिला अजिंक्यपदाचा निर्णायक डाव चालीमागे वाढीव वेळ न देणारा होता. शेवटी इरिना क्रश आणि अ‍ॅना झातोन्स्किह नुसत्या हात मारत सुटल्या आणि झातोन्स्किह एका सेकंदाने वाचली. त्यावर इलाज तेव्हाही होता. प्रत्येक चालीमागे काही सेकंद परत देणारं घड्याळ माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरने 1992 मध्येच स्पास्कीविरुद्ध वापरलं होतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक घेतला, तोही बरोबरी फोडणाऱ्या रॅपिड डावांमध्ये, पण तिथे चालीमागे दहा सेकंद मिळत होते. हातात जिंकलेला डाव असलेल्या पोराला तेवढे मिळाले असते, तर त्याने तो पटावरच संपवला असता.

सुईच्या घड्याळात ते जमत नाही. डिजिटल घड्याळ लागतं.

"पैसे कोन देईन?" भाऊंनी विचारलं.

निदान फायनलपुरतं एक, असं ठरत आलं होतं. कृषी केंद्रवाल्याने अर्धे पैसे कबूल केले, पण दोरी बांधून प्रेक्षकांना लांब ठेवायला तो तयार नव्हता. जवळून पाहता आलं नाही तर गाव येणारच नाही म्हणे. मी सांगितलं, दोरी नसेल तर माझी वर्गणी नाही. गुरुजी माझ्या बाजूने. ठेला बंद होईपर्यंत तो मानला नव्हता.