फुकटची थंडी भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडते

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने माथेरानच्या एका रिसॉर्टचं कोटेशन टाकलं. दोन रात्री, तीन दिवस, ३१ डिसेंबर धरून. चौघांचा आकडा इथे लिहीत नाही. तो ऐकून माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात आमचं लग्न झालं, वर वऱ्हाड दोन दिवस जेवलं." खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, गाला डिनर कम्पल्सरी. आणि अ‍ॅक्टिव्हिटीज कोणत्या? शेकोटी, डीजे, तंबोला. म्हणजे मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर वर्षी जे होतं तेच, फक्त अडीच हजार फूट वर.

मी ग्रुपवर लिहिलं, "आमचं नाही जमणार, आम्ही फुकटवाले." तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतोय, फुकट म्हणजे नक्की काय करता हो? म्हणून हे लांबलचक लिहितेय. एकदाच वाचा आणि लिफ्टमध्ये मला शांतपणे चौथ्या मजल्यावर उतरू द्या.

पहिली गोष्ट, फोनवर शोधू नका. मी केलंय ते. "मुंबईजवळ फुकट थंडीत कुठे जावं" असं टाकलं की त्याच दहा जागा येतात. त्यातल्या निम्म्यांना तिकीट असतं आणि उरलेल्यांत कुणाचा तरी टेंट लागलेला असतो. साधी गोष्ट आहे, जे फुकट आहे त्याची जाहिरात कोण करणार? ज्यातून चार पैसे सुटतात तेच फोनवर वर येतं. फुकटचं सगळं आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टांगलेल्या कॅलेंडरात आहे. डोंगरातल्या फुकटच्या गोष्टी तिथीला आणि हंगामाला बांधलेल्या असतात. रविवार बघून जाल तर नुसता डोंगर दिसेल, तारीख बघून जाल तर डोंगरात काहीतरी चाललेलं असेल.

हिशेबही सांगते, नाहीतर म्हणाल बाई उगाच फुशारकी मारतेय. फुकट म्हणजे त्या जागेला पैसे पडत नाहीत. जाण्यायेण्याला पडतात. लोकलचा पास दोघांचाही आहे, कल्याणपर्यंत तो चालतो, पुढचं तिकीट काढायचं. पुढे एसटी. सासूबाईंना ७५ पूर्ण झाल्यामुळे एसटी फुकट, मी बाई म्हणून अर्ध्या तिकिटात. चिरंजीव तेरा वर्षांचा झाल्यापासून त्याचं हाफ तिकीट गेलं आणि नवऱ्याला कसलीच सवलत नाही. म्हणजे आमच्या घरात एसटीला खरा खर्च पुरुषांचाच. हे मी दर वेळी कंडक्टरसमोर मोठ्याने म्हणते, आणि दर वेळी हे खिडकीबाहेर बघतात.

आता नाणेघाट. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत, २६ डिसेंबरला गेलो. कल्याण डेपोतून माळशेजमार्गे जाणारी पहाटेची एसटी पकडली, मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याच्या पुढे फाट्यावर उतरलो. उतरल्या उतरल्या थंडीने कान पकडले. मुंबईकराला थंडी म्हणजे पंखा दोनवर. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर गेला होता, तो आजही मुंबईचा विक्रम म्हणून सांगतात, तेव्हा तसली थंडी काही तुमच्याआमच्या अनुभवात येत नाही. इथे मात्र तोंडातून वाफ निघत होती आणि लेक त्या वाफेवरच अर्धा तास खूश होता. स्वेटर नववीतल्या मावसभावाचा, हातभर लांब.

चढ दोन-अडीच तासांचा. दगड रचून केलेली जुनी वाट आहे, पावसाळ्यात घसरगुंडी, डिसेंबरात कोरडी ठणठणीत. वर घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातलं लेणं. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, नागनिका राणीच्या नावाने ओळखला जातो. कोणकोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिले त्याची जंत्री आहे त्यात. आता दान म्हटलं की आकडे आले, आणि तिथले ते आकडे भारतात आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. दोनासाठी दोन आडव्या रेघा, चारासाठी अधिकच्या चिन्हासारखी खूण. गणिताच्या नावाने रडणारा माझा लेक त्या भिंतीसमोर मान वाकडी करून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे हे पण हिशेबच करत होते?" क्लासच्या वर्षभराच्या फीमध्ये जे झालं नव्हतं ते तिथे झालं. (टिकलं नाही, जानेवारीत पुन्हा रडारड. पण असो.)

पलीकडच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. पुतळे गेले, नावं राहिली.

आणि घाट संपतो तिथे तो प्रसिद्ध दगडी रांजण. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल या घाटाने चढायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची असं सांगतात. आम्ही त्याला टेकून चटणीपोळी खाल्ली. यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "दोन हजार वर्षांनी का होईना, महाराष्ट्रातला एक टोलनाका बंद झाला." लग्नाच्या सोळा वर्षांत यांनी केलेला हा दुसरा चांगला विनोद.

उतरल्यावर खाली एका घरात पिठलं-भाकरी, लसणाची चटणी, वर ताक. ताटाचे सांगितले तेवढे पैसे दिले. इथे घासाघीस करणाऱ्या माणसाशी मी मैत्री ठेवत नाही. डोंगर फुकट, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईची चूल फुकट नाही, एवढं कळत नसेल तर त्याने रिसॉर्टलाच जावं. माथेरानला माणशी कर घेतात, काही गडांच्या वाटेवर वनविभाग किंवा गावची समिती पावती फाडते, तीही हसत घ्यावी.

लेण्यांवरून आठवलं, ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी कर्जतजवळ कोंढाण्याची लेणी आहेत. कोंदिवड्यातून तासभर झाडीतली वाट. तिथल्या एका लेखात "कण्हाचा शिष्य बालक याने केलं" अशा अर्थाची ओळ आहे. एवढंच, पुढेमागे काही नाही. आम्ही गेलो तेव्हा तिकीट मागायला कुणी नव्हतं, माकडं सोडून.

दुसरं फुकटचं काम रात्रीचं. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या कचऱ्यातून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळे होतो, त्यामुळे जाणकार त्याला जरा मान देतात. दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बीण असली तर काहीच दिसणार नाही. लागतं काळं आकाश, आणि ते मुलुंडमध्ये लोडशेडिंग झालं तरी मिळत नाही. गेल्या डिसेंबरात १३ तारीख शनिवारी आली, कॅलेंडरात बघितलं तर वद्य पक्ष, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. माझं माहेर पेणजवळ, डोंगराच्या कुशीत. तिथल्या खळ्यावर घोंगडी टाकून आडवे झालो. पेणच्या बाजूचं आकाश पिवळट, डोंगराकडचं काळंभोर. मृग, त्याच्यामागे व्याध, वर कृत्तिका. माझ्या काकांना नक्षत्रं तोंडपाठ, कारण त्यांच्या लहानपणी राखणीला शेतात झोपावं लागायचं आणि करमणूक तेवढीच. लेकाने तासाभरात ४१ उल्का मोजल्या. त्यातल्या चार विमानं होती असं माझं मत आहे, पण ते त्याने मान्य केलेलं नाही.

तेव्हा वालाच्या शेंगा भरल्या नव्हत्या म्हणून पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी, झाली नाही. तिच्यासाठी जानेवारीत पुन्हा गेलो.

पोपटीबद्दल दोन शब्द जास्त लिहिणार, कारण हल्ली तीही "पर हेड" विकतात. मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. हा पाला रानात, बांधावर आपसूक उगवतो, त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. वर वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, बटाटे, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्र होऊन उडाले की झालं. मग सगळ्यांनी भोवती उकिडवं बसायचं आणि बोटं भाजत खायचं. गाला डिनर म्हणतात ते हेच असावं. फरक इतकाच की इथे कम्पल्सरी फक्त एक होतं, आजीच्या हातची चटणी.

आता तुम्ही म्हणाल, तुझं माहेर आहे बाई, आमचं कुठे? खरंय, वाद नाही. पण मुंबईत असा मराठी माणूस दाखवा ज्याच्या ऑफिसात पेण, रोहा, अलिबाग, कर्जतकडचा कुणी नाही. त्याला जानेवारीत फक्त विचारा, "यंदा शेंगा कशा आहेत?" पुढचं आमंत्रण आपोआप येतं. तुम्ही जाताना मिठाईचा बॉक्स आणि मडक्याचे पैसे न्या म्हणजे झालं.

जत्रा राहिलीच. मुरबाडजवळ म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. इंग्रजी तारीख दर वर्षी हलते, २०२५ ला १३ जानेवारी होती, २०२६ ला ३ जानेवारी. म्हणून म्हणते कॅलेंडर बघा. बैलांचा बाजार, घोंगड्या, कोयते-विळे, खाजा, पाळणे, आणि मागे सह्याद्रीची उभी भिंत. बैल बघायला कुणी पैसे घेत नाही. लेकाला प्रथम कळलं की बैलाचे दात बघून वय सांगतात, त्यानंतर दोन दिवस तो घरात सगळ्यांचे दात बघत होता. सासूबाईंनी कवळी काढून हातात दिली.

थोडं रागाचंही लिहिते. ३१ तारखेच्या रात्री गडावर जाऊ नका. बारा वाजता स्पीकर, बाटल्या, आणि सकाळी टाक्यात तरंगणारी प्लेट. त्या टाक्यातलं पाणी मार्चपर्यंत पुरवायचं असतं. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एका सिगारेटने अख्खी माची जळते. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यांना धूर आणि तुमचं अत्तर दोन्ही आवडत नाही. आणि सव्वासहाला सूर्य मावळतो, साडेतीनला परतीला लागा.

यंदाचा बेत २ जानेवारीचा आहे. माथेरानच्या त्या कोटेशनवरूनच सुचला. माथेरानला जन्मलेला एक वकील, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल. १९४२ च्या आंदोलनात त्याच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत गटाने डोंगरातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी पहाटे लोक तिथे अभिवादनाला जमतात. माथेरानला घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? मलाही चाळिशीपर्यंत नव्हतं, तेव्हा टोमणा स्वतःलाच.

मुरबाडला यांच्या मित्राकडे १ तारखेला मुक्काम, मग अंधारातच निघायचं. लेकाने टॉर्चचे सेल बदलून ठेवलेत. सासूबाईंना म्हटलं, आई, थंडी फार असेल, तुम्ही घरीच थांबा. त्या कपाटातून शाल काढत म्हणाल्या, "गड मी चढत नाही. पण मुरबाडपर्यंत मला एसटी फुकट आहे, ती कशाला वाया घालवू?"